अहवाल कुणासमोर वाचायचा?

ग्वाल्हेर स्टेशनाकडून लष्कर भागाकडे निघालं की वाटेत फूलबाग लागते. इथे राणी लक्ष्मीबाईंची समाधी आणि त्यांचा अश्वारूढ पुतळा आहे. 1858 च्या जूनमध्ये इंग्रजांशी लढताना त्या पडल्या, तेव्हा त्यांचं वय तिशीच्या आतच होतं. जवळच मोतीमहाल आणि जयविलास हे राजवाडे आहेत. गोपाळ मंदिर, मोती मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज ही चार स्थळं शिंद्यांच्या राजवटीपासून इथे एकाच आवारात नांदत आली आहेत. बाजूने स्वर्णरेखा वाहते. नाव सोन्याचं असलं तरी पात्र सिमेंटचं आहे आणि पाणी शहराच्या गटारांचं. स्वातंत्र्यानंतर काही वर्षं मध्यभारत राज्याची विधानसभा याच मोतीमहालात भरत असे. ती भोपाळला गेली, पण सरकारपुढे गाऱ्हाणं मांडायला फूलबागेत यायची सवय लोकांनी सोडली नाही. धरणं, उपोषण, सभा, मोर्चा, काहीही असलं तरी शहराला पहिलं आठवतं ते फूलबागेचं मैदान. दिवस उतरता कोणी अधिकारी येतो, निवेदन घेतो, पोच देतो आणि मंडप उतरतो.

‘गावपातळीवर काम करणारे तरुण समाजाच्या प्रश्नांकडे कसं पाहतात’ हा विषय संपादकांनी सुचवला, तेव्हा या मैदानाचा विचार करणं अपरिहार्य होतं. ग्वाल्हेर आणि त्यामागचा चंबळचा प्रदेश म्हणजे मुरैना, भिंड, शिवपुरी आणि श्योपूर. देशभरातली तरुण मुलं इथे गेली पन्नासहून अधिक वर्षं शिबिरांना येत आहेत, राहत आहेत, चालत आहेत, लिहीत आहेत. त्यांच्या लिखाणाला आपण सहसा ‘अनुभवकथन’ म्हणतो आणि महाविद्यालयाच्या वार्षिकांकात त्याला दोन पानं देतो. या लेखाचं म्हणणं असं आहे की ते पुरावा म्हणून वाचायला हवं. त्याला दोन कसोट्या लावता येतात. गावात जाताना तरुणाने जो प्रश्न सोबत नेला होता, तो परतताना बदलला का? आणि बदललेला प्रश्न, ज्याच्या हातात निर्णय आहे त्याच्यासमोर, गावाच्या साक्षीने मांडला गेला का? पहिल्या कसोटीला पुष्कळ जण उतरतात. दुसरीपर्यंत त्यांना पोचू दिलं जात नाही, आणि ही चूक तरुणांची नाही.

जौऱ्याची शाळा

ग्वाल्हेरहून श्योपूरपर्यंत दोन फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी एक छोटी गाडी होती. शिंदे सरकारने बांधलेली ही लाइन जौरा, कैलारस, सबलगढ अशी गावं घेत सुमारे दोनशे किलोमीटर जायची. 2020 साली ती बंद झाली आणि तिच्या जागी ब्रॉडगेजचं काम सुरू झालं. चंबळमधल्या युवाकार्याचा नकाशा काढायचा झाला तर ही लाइन पुरते. तिच्या एका टप्प्यावर जौरा, दुसऱ्या टोकाला श्योपूर.

मुरैना जिल्ह्यातल्या जौऱ्यात एस. एन. सुब्बराव यांनी 1970 साली महात्मा गांधी सेवा आश्रम उभा केला. बंगळूरचा हा माणूस शाळकरी वयात ‘छोडो भारत’ आंदोलनात पडला आणि पुढे देशभरातल्या तरुणांचा ‘भाईजी’ झाला. 14 एप्रिल 1972 रोजी जयप्रकाश नारायण यांच्या उपस्थितीत, गांधीजींच्या तसबिरीपुढे, मोहरसिंग आणि माधोसिंग यांच्यासारख्या नामांकित दरोडेखोरांनी बंदुका खाली ठेवल्या त्या याच जौऱ्यात. ही घटना सर्वांना ठाऊक आहे. तिच्याआधी आणि नंतर या खोऱ्यात तरुणांची जी शिबिरं झाली, त्यांची पद्धत मात्र कमी जणांना ठाऊक आहे. पहाटे उठणं, श्रमदानाला जाणं, रस्ता किंवा बांध घालणं, संध्याकाळी सर्वधर्म प्रार्थना, एकमेकांच्या भाषांतली गाणी शिकणं. रोज एक तास शरीरासाठी आणि एक तास देशासाठी द्यावा, एवढंच भाईजींचं मागणं असे. त्यांच्या राष्ट्रीय युवा योजनेतून हीच पद्धत देशभर गेली आणि 1993 साली सद्भावना रेल्वेयात्रेतून गावोगावच्या फलाटांवर पोचली. सुब्बराव 2021 च्या ऑक्टोबरमध्ये गेले. अंत्यसंस्कार जौऱ्यातच झाले.

या शिबिरांत तरुणांचा प्रश्न कसा बदलत गेला, हे पाहण्यासारखं आहे. चंबळला येणारा मुलगा ‘दरोडेखोर’ हा प्रश्न घेऊन येई. तो गुन्ह्याचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर पोलीस किंवा हृदयपरिवर्तन यांपैकी एक असणार, असं त्याने धरलेलं असे. खोऱ्यात राहिल्यावर त्याला दिसे ती कोरत जाणारी जमीन. इथले बीहड म्हणजे पावसाने कापून काढलेल्या, माणूस गडप होईल अशा मातीच्या घळी. त्या दरवर्षी शेतं गिळतात. जमीन कमी होते, बांधावरून भांडण लागतं, भांडणात जात आणि इभ्रत येते, खून पडतो, खटला चालतो, आणि न्यायालयावर विश्वास न उरलेला माणूस बीहडात उतरतो. आत्मसमर्पणाच्या कामासाठी केरळहून आलेले पी. व्ही. राजगोपाल हे या प्रवासाचं सर्वांत ठळक उदाहरण आहे. बंदुका खाली ठेवून घेण्याच्या कामातून सुरुवात करून ते जमिनीच्या हक्काच्या प्रश्नापर्यंत पोचले आणि पुढे त्यांनी एकता परिषद उभी केली. बंदुकीची हिंसा थांबली तरी भूमिहीनतेची हिंसा थांबलेली नाही, हा या कार्याचा निष्कर्ष होता. तो एखाद्या विद्यापीठात निघाला नाही. शिबिरांत, खोदकामात, तुरुंगाच्या भेटींत आणि खटल्यांच्या तारखांत तो निघाला.

चौदा दिवस

रुळांचं दुसरं टोक श्योपूर. मराठी घरात जन्मून हिंदी कवितेला वळण देणारे गजानन माधव मुक्तिबोध 1917 साली इथेच जन्मले. आज या जिल्ह्याचं नाव दोन कारणांनी बातम्यांत येतं. एक कुनोचे चित्ते, दुसरं कुपोषण. दोन्हींच्या मध्ये सहारिया आदिवासी उभे आहेत. त्यांची गणना केंद्र सरकार विशेष असुरक्षित आदिवासी गटांत करतं. कराहल तालुक्यातल्या एखाद्या सहारिया वस्तीत पोषणाचं काम करायला गेलेला पदवीधर जवळजवळ ठरलेल्या समजुतीने जातो, की आईला माहिती नाही, म्हणून मूल अशक्त आहे. तेव्हा जागृती करायची, तक्ते दाखवायचे, समजूत घालायची.

पोषण पुनर्वसन केंद्राची व्यवस्था कागदावर चांगली आहे. तीव्र कुपोषित मुलाला आईसह साधारण चौदा दिवस ठेवून घेतात. मुलाला दर दोन-तीन तासांनी मोजून आहार देतात, आईलाही जेवण आणि बुडालेल्या मजुरीपोटी काही रक्कम मिळते, आणि घरी गेल्यावर मुलाला ठरावीक अंतराने पुन्हा दाखवायला आणायचं असतं. तरी आया यायला नकार देतात, किंवा आल्या तर चौथ्या-पाचव्या दिवशी निघून जातात. बाहेरून पाहणाऱ्याला याचं कारण अंधश्रद्धा वाटते. वस्तीत महिनाभर राहणाऱ्याला दुसरं दिसतं. घरी आणखी दोन मुलं आहेत, त्यांना कोण पाहणार? नवरा मजुरीला परगावी आहे. फाल्गुन-चैत्रात मोहरी आणि गव्हाच्या काढणीसाठी सगळं कुटुंबच कोसभर नव्हे, परजिल्ह्यात जातं. तिथे धान्याच्या रूपात मिळणारी मजुरी हाच घरातला वर्षाचा साठा असतो. चौदा दिवस केंद्रात बसणं म्हणजे तो साठा गमावणं. मिळणारी रक्कम बँकेत जमा होते, बँक लांब, आधार आणि खात्यावरचं नाव जुळत नाही. आई चुकीचा हिशेब करत नाही. तिच्यापुढे हिशेबाला उरलेले आकडेच इतके आहेत.

ज्याने हे पाहिलं, त्याचा प्रश्न बदलतो. ‘हिला कसं समजवायचं?’ या प्रश्नाची जागा ‘काढणीच्या हंगामात केंद्र तिच्याजवळ का येत नाही, आणि तिची इतर मुलं दिवसभर सांभाळणारं पाळणाघर कुठे आहे?’ हा प्रश्न घेतो. हा प्रशासनाला सोडवता येण्याजोगा प्रश्न आहे. मध्य प्रदेश सरकारने डिसेंबर 2017 मध्ये सहारिया, बैगा आणि भारिया कुटुंबांतल्या स्त्रीच्या खात्यात पोषणासाठी दरमहा 1000 रुपये द्यायला सुरुवात केली. हे ‘माहिती नाही’ या निदानापेक्षा ‘पैसा नाही’ या निदानाच्या जवळ जाणारं पाऊल होतं, म्हणूनच ते महत्त्वाचं. मात्र पैसे खात्यात येणं आणि हातात येणं यांत किती फेऱ्या आणि किती ओळखपत्रं लागतात, हे तालुक्याच्या आढावा बैठकीत कोणाला दिसत नाही. ते दिसतं त्या बाईबरोबर बँकेच्या रांगेत उभ्या राहिलेल्या मुलीला.

कुनोच्या जंगलाचंही असंच आहे. गुजरातेतून सिंह आणायचे म्हणून 1998 ते 2003 या काळात अभयारण्यातली 24 गावं, सुमारे दीड हजार कुटुंबं, बहुतेक सहारिया, बाहेर हलवली गेली. सिंह आले नाहीत. 17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियातून चित्ते आले. प्रत्येक कुटुंबाला दोन हेक्टर जमीन मिळाली, त्यामुळे कागदावर भूमिहीनाचा शेतकरी झाला. अर्थशास्त्रज्ञ अस्मिता काब्रा यांनी या पुनर्वसनाचा दीर्घकाळ अभ्यास केला. सालईचा डिंक आणि इतर वनोपज यांपासूनचं उत्पन्न तुटलं, मिळालेल्या जमिनीला पाण्याची खात्री नव्हती, आणि माणसं मजुरीवर अधिकाधिक अवलंबून झाली, हे त्यांच्या मांडणीत स्पष्ट दिसतं. सहारिया कुटुंबांत डिंकाची झाडं वाटून घेतलेली असत. ती कुठल्याही सातबाऱ्यावर नव्हती, म्हणून भरपाईच्या हिशेबात आली नाहीत. जे नोंदीत नाही ते बुडालं तरी बुडालं असं धरत नाहीत. गावात राहणारा तरुण नेमकं हेच नोंदवू शकतो, आणि म्हणून त्याची वही महत्त्वाची.

मूठभर तांदूळ, एक रुपया

तरुणांचं निरीक्षण मागणीत कसं उतरतं, याचं या भागातलं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे ग्वाल्हेरहून निघालेल्या पदयात्रा. 2 ऑक्टोबर 2007 रोजी एकता परिषदेच्या ‘जनादेश’ यात्रेत सुमारे 25,000 भूमिहीन आणि आदिवासी दिल्लीकडे चालू लागले आणि महिनाअखेर पोचले. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये ‘जनसत्याग्रह’ पुन्हा ग्वाल्हेरहूनच निघाला. या वेळी संख्या त्याच्या दुपटीच्या आसपास होती. इतक्या माणसांना महामार्गाच्या एका बाजूने, रोज ठरावीक अंतर, रस्त्यावरच झोपवत, एका वेळच्या जेवणावर चालवणं हे निव्वळ भाषणाने होत नाही. त्याआधी काही वर्षं गावोगाव तरुण मुलामुलींची शिबिरं चालली होती. घरोघर रोज मूठभर तांदूळ आणि एक रुपया बाजूला ठेवायचा, तेवढ्यावर चालणाऱ्याचा शिधा निघायचा. कोणाच्या घरातून कोण चालणार, मागे शेळ्या कोण सांभाळणार, आजारी पडल्यास काय, हे सगळं ठरवणारी मुलं त्याच वस्त्यांतली होती. कोणाची जमीन कुठे अडली आहे, पट्टा आहे पण ताबा नाही की ताबा आहे पण पट्टा नाही, याची त्यांना नावानिशी माहिती होती. ‘जमीन द्या’ या घोषणेमागे अशी ठोस प्रकरणं उभी होती.

यात्रांनी काय मिळवलं? 2007 नंतर पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय भूमिसुधार परिषद जाहीर झाली. वनहक्क कायदा संसदेने 2006 साली केला होता, पण तो अमलात आला 2007 च्या शेवटच्या दिवशी, आणि नियम प्रसिद्ध झाले 1 जानेवारी 2008 रोजी. यामागे देशभरातल्या अनेक संघटनांचा रेटा होता आणि ही यात्रा त्यांपैकी एक होती. 2012 ची यात्रा दिल्लीला पोचायच्या आधीच, 11 ऑक्टोबरला आग्ऱ्यात, तेव्हाचे ग्रामविकासमंत्री जयराम रमेश यांनी करारावर सही केली. त्यातून भूमिसुधार धोरणाचा मसुदा निघाला, पण तो मसुदाच राहिला. भूमिसुधार परिषदही प्रत्यक्षात कामाला लागली नाही. म्हणजे दिल्लीत जे मिळालं ते बहुतांश कागद होता.

वनहक्काच्या दाव्यांत मात्र त्या तरुणांचं शिक्षण फुकट गेलं नाही. दावा ग्रामसभेपुढे मांडायचा, वनहक्क समितीने जागेवर पडताळणी करायची, मग तो उपविभाग आणि जिल्हा समितीकडे जायचा. 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो, आणि नियमांनुसार गावातल्या वडीलधाऱ्यांची लेखी साक्षही त्यासाठी चालते. प्रत्यक्षात खालच्या कचेरीत अनेकदा जुना दंडाचा कागद मागतात आणि तो नाही म्हणून दावा नाकारतात. 2019 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने दावे नाकारले गेलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि पंधरवड्यात त्याला स्थगिती दिली. मग फेरतपासणीसाठी मध्य प्रदेशात ‘वनमित्र’ हे पोर्टल आलं. ज्याला अक्षर ओळखता येत नाही त्याने मोबाइलवर दावा भरायचा! अशा वेळी वस्तीतला बारावी झालेला मुलगा हाच कायदा आणि माणूस यांच्यातला दुवा उरतो. त्याला कलम माहीत हवं, आणि कोणत्या आजोबांना जुनी हद्द आठवते तेही.

आक्षेप

यावर पहिला आक्षेप असा की महिना-वर्षभर गावात राहून आलेल्या शहरी मुलांचं चिंतन उथळ असतं आणि त्यांतल्या अनेकांना ते पुढच्या प्रवेशअर्जात लिहायचं असतं. आक्षेप खरा आहे. राष्ट्रीय सेवा योजना 1969 साली, गांधीशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. वर्षाला 120 तास आणि सात दिवसांचं शिबिर एवढं तिचं माप. सात दिवसांत गाव कळत नाही. पण हेतू शुद्ध आहे का, हा तपास फारसा उपयोगाचा नाही. हेतू काहीही असो, चौथ्या दिवशी परतणाऱ्या आईचं कारण शिबिरातल्या मुलीने बरोबर लिहिलं आहे का, हे गाव तपासू शकतं. उथळपणावरचा इलाज तपासणी हा आहे, आणि आपल्या शिबिरांत नेमकी तीच नसते. अहवाल महाविद्यालयात जातो, फोटोंसह बांधला जातो आणि गुण पडतात. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांनी तो कधीच ऐकलेला नसतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तरुणांना सेवेत गुंतवणं म्हणजे त्यांना राजकारणापासून दूर नेणं, असं डाव्या आणि आंबेडकरी चळवळींतून सांगितलं गेलं आहे. चंबळमध्ये हा आक्षेप टाळून पुढे जाता येत नाही. दलित संघटनांच्या 2 एप्रिल 2018 च्या भारत बंदमध्ये ग्वाल्हेर, भिंड आणि मुरैना इथे हिंसाचार होऊन माणसं मारली गेली. त्यांत दलित तरुण होते. सर्वधर्म प्रार्थना पन्नास वर्षं झाली, तरी जातीचा पाया हलला नाही, असं कोणी म्हटलं तर त्याला उत्तर देणं कठीण आहे. 2011 च्या जनगणनेत मुरैन्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली 829 होत्या. तोही याच भूमीचा आकडा आहे, आणि तो शिबिरांच्या इतिहासाशेजारी ठेवूनच वाचायला हवा. म्हणून तरुणांचं चिंतन सद्भावनेपाशी थांबलं तर ते अपुरं आहे, हे मान्य करावं लागतं. पण सुब्बरावांच्या शिबिरातून राजगोपालांची यात्रा निघाली, हेही तितकंच खरं. महाराष्ट्रातही हेच दिसतं. युवक क्रांती दल म्हणजे युक्रांदची सुरुवात विद्यार्थ्यांच्या प्रश्नांनी झाली आणि ती पुढे दुष्काळ आणि जातीच्या प्रश्नांत उतरली. ‘एक गाव एक पाणवठा’ मोहिमेत बाबा आढावांबरोबर फिरलेल्या मुलांनी विहिरींवरची अस्पृश्यता डोळ्यांनी पाहिली आणि त्यावर ठाम भूमिका घेतली. जिथे निरीक्षण प्रामाणिक आहे तिथे राजकारण आपसूक येतं. फक्त निरीक्षणाला उत्तर मिळण्याची जागा हवी.

तिसरा प्रश्न आहे, ‘तरुण’ म्हणजे कोण? आपल्याकडे तरुणांचं चिंतन म्हटलं की गावात गेलेला शहरी मुलगा डोळ्यांपुढे येतो. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेत 2006 पासून चालणाऱ्या ‘निर्माण’ या उपक्रमाने अशा मुलांना कामाची वाट शोधून दिली, आणि हे मोठं काम आहे. पण श्योपूरमधल्या सहारिया मुलाला गावाची ‘ओळख’ करून घ्यायची नसते. तो तिथलाच आहे. मध्य प्रदेशात सहारिया उमेदवारांना किमान पात्रता असल्यास काही पदांवर थेट नेमणुकीची तरतूद आहे. त्यामुळे शिकलेल्या मुलाचा सारा जोर साहजिकच नोकरीकडे जातो आणि वस्तीबद्दल त्याला काय वाटतं हे कोणी विचारत नाही. विचारलं तर सर्वांत अचूक उत्तर तिथेच मिळेल.

वही आणि ग्रामसभा

तरुणांच्या नोंदींना वजन कसं द्यायचं, याचं उत्तर एका कायद्याने आधीच दिलं आहे. रोजगार हमीच्या 2005 च्या केंद्रीय कायद्यातल्या कलम 17 नुसार कामांचं सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेने करायचं ठरलं. आंध्र प्रदेशाने 2006 पासून यासाठी मजुरांच्या घरांतल्याच शिकलेल्या मुलामुलींना तयार केलं. ती स्वतःच्या गावात तपासणी करत नाहीत, शेजारच्या गावांत जातात. हजेरीपट घेऊन दारोदार फिरतात, या नावाच्या बाईने खरंच काम केलं का, पैसे हाती आले का, रस्ता जेवढा लिहिला तेवढा आहे का, हे विचारतात, मोजतात, लिहून घेतात. मग ते सगळं गावात वाचून दाखवतात आणि शेवटी मंडल (तालुक्यासारखा घटक) पातळीवर जनसुनावणीत अधिकाऱ्यांसमोर मांडतात. उघड झालेल्या अपहारातली वसुली फार थोडी झाली, हे या पद्धतीचं अपयश आहे. तरीही तिथे एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीची वही हा सरकारी पुरावा ठरला आणि अधिकाऱ्याला तिला उत्तर द्यावं लागलं. फूलबागेत निवेदन घेऊन जाणारा अधिकारी पोच देतो, उत्तर देत नाही. सगळा फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

महाराष्ट्रात यासाठी नवा कायदा लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर, डिसेंबर-जानेवारीत, राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरं लागतील. 26 जानेवारीला गावोगाव ग्रामसभा भरेल. हा अंक वाचणाऱ्या प्रत्येक कार्यक्रम अधिकाऱ्याला आणि प्राध्यापकाला विनंती आहे. यंदा अहवाल महाविद्यालयात जमा करण्याआधी तो शिबिराच्या गावातल्या त्या ग्रामसभेत मुलांकडून वाचून घ्या. गावकरी जिथे चूक दाखवतील तिथे तो दुरुस्त करा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून त्यातल्या प्रत्येक मुद्द्यावर इतिवृत्तात लेखी उत्तर घ्या, आणि त्या उत्तराची प्रत पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांच्या हातात पहिल्या दिवशी द्या.